तळे तेथे तळ

भांड्याचा तळ, पायाचा तळवा, पाण्याने भरलेले तळे आणि फौजेने ठोकलेला तळ, या सगळ्यांचे मूळ एक आहे की निरनिराळे, याचा निकाल व्युत्पत्तिकारांनी खुशाल द्यावा. शेवटच्या दोहोंचे नाते मात्र रस्त्याने जाणाऱ्याला कोश न उघडताच कळते. जेथे तळे तेथे तळ. रेल्वे आणि डांबरी सडका यायच्या आधी उत्तर हिंदुस्थानात जो कोणी फिरला, मग तो शिंदे-होळकरांचा सरदार असो, मिठाच्या गोण्या लादून निघालेला वंजारी असो किंवा काशीची कावड खांद्यावर घेतलेला भिक्षुक असो, त्याचा दिवस जेथे पाणी तेथेच मावळत असे.

आपण ग्वाल्हेरकरांनी तर ही गोष्ट विसरताच कामा नये. आपल्या शहराचे नावच मुळी 'लष्कर'. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, ती पुन्हा म्हणून उठली नाही. राहुट्यांच्या जागी वाडे झाले, कनातींच्या जागी भिंती आल्या, आणि छावणीचे नाव शहराला चिकटून राहिले. त्याच्या आदल्याच वर्षी हा सारा दरबार तंबू-डेऱ्यांसह गावोगाव फिरत होता. इंग्रज वकिलाच्या रक्षकतुकडीवरचा टॉमस ब्रॉटन नावाचा एक अधिकारी १८०९ मध्ये त्या छावणीबरोबर हिंडला, आणि त्याने भावाला लिहिलेली पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यात त्याने कुचाची रीत सांगितली आहे. बिनीवाला आधी पुढे जाई, जागा निवडी आणि महाराजांच्या देवडीच्या जागी एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मग त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजार, पथके, सरदारांचे गोट ठरल्या क्रमाने उतरत. मुक्काम कोठेही असो, आपली राहुटी कोणत्या बाजूला, वाण्याचे दुकान कोठे, हे छावणीतल्या प्रत्येकाला डोळे मिटून सांगता येई.

बिनीवाले हे आडनाव आपल्यात अजून नांदते आहे. त्या घरातील मुलांना आपल्या पूर्वजांचा मोठेपणा तलवारीत वाटत असेल. मला तो पाणी ओळखण्यात वाटतो. हजारो माणसे, घोडी, बैल, उंट आणि हत्ती यांची तहान जेथे भागणार नाही तेथे निशाण रोवून काय उपयोग?

बिऱ्हाडगाडी

हे विचार सुचायला कारण झाले ते आमच्या भाच्याच्या नव्या वाहनाचे. हल्ली 'कॅराव्हॅन' नावाचा प्रकार आपल्याकडे रुजू पाहत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी केले. आमच्या भाच्याने सरकारची वाट न पाहता एक जुनी प्रवासी व्हॅन घेतली, आतली आसने काढली, आणि दोन उघडमीट करणारी बाके, एक दोन शेगड्यांचा ओटा, हातभर मोरी, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि वर सौरपत्रा असे चाकांवरचे घर उभे केले. तो तिला कॅराव्हॅन म्हणे. आमच्या सौ.नी पहिल्याच दिवशी हळद-कुंकू लावताना तिचे बारसे 'बिऱ्हाडगाडी' असे केले, आणि तेच नाव टिकले. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्यांच्या कुळात जन्मलेल्यांना दुसरे कोणते नाव शोभणार?

गेल्या मार्गशीर्षात भाचा, भाचेसून, सौ. आणि मी असे चौघे तिच्यातून निघालो. बेत माझा होता. ग्वाल्हेरहून झाशी, तेथून बुंदेलखंडातून पूर्वेला महोब्यापर्यंत आणि मग दक्षिणेला वळून सागरला. दर रात्री मुक्काम तळ्याच्या काठी, आणि होता होईल तो लहान गावाबाहेर. हॉटेल घ्यायचे नाही, असा सूनबाईंचा दंडक होता. मार्गशीर्ष यासाठी, की पावसाळ्याचे पाणी तेव्हा तळ्यांत भरलेले असते, शिंगाड्यांचा हंगाम चालू असतो आणि थंडीमुळे मच्छरांचा ताप कमी असतो.

चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. मोटारीने जाणारा माणूस गाव मैलांनी मोजतो. बिऱ्हाडगाडीने जाणारा ते टाकीतल्या पाण्याने मोजतो. शंभर लिटर म्हणजे चौघांचे दीड दिवसाचे पाणी, तेही काटकसरीने. दुपार कलली की नजर आपोआप दूरच्या झाडीकडे, बगळ्यांच्या रांगेकडे, देवळाच्या कळसाकडे जाऊ लागते, कारण या मुलखात कळस दिसला की पायथ्याशी पाणी बहुधा असतेच. पुस्तकात वाचलेला बिनीवाला तेव्हा मला कळला.

झाशी आणि बरुआसागर

दतिया आम्ही वाटेवरूनच नमस्कार करून ओलांडले. झाशीत दोन तास थांबलो ते किल्ल्यासाठी नव्हे. किल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आम्ही गेलो लक्ष्मीतलावावर. काठाशी महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि जवळच गंगाधररावांची छत्री आहे. १८५३ साली ते वारले, आणि पुढच्या पाच वर्षांत जे घडले ते आपल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकलेले असते. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी हे शहर डोळ्यांनी पाहिले. दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये घरून निघालेला हा भिक्षुक पायी पायी उत्तरेत आला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. त्याने पुढे लिहून ठेवलेला 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या पुस्तकातली लढाई सर्वांना आठवते. मला त्यातली विहीर, नदी, घाट आणि धर्मशाळा आठवते. पायी चालणाऱ्याला पहिली चिंता पाण्याची.

लक्ष्मीतलावाचे पाणी पाहून मात्र मन प्रसन्न झाले नाही. भर वस्तीत सापडलेल्या तळ्याच्या नशिबी जे येते ते त्याच्याही आले आहे. पुढे बेतवा ओलांडून बरुआसागरला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता.

हे गाव झाशीहून फार दूर नाही, तरी तेथे उतरल्यावर शहर विसरायला होते. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुमारे पाऊण मैल लांबीचा दगडी बांध घालून हे तळे अडवले. वर टेकडीवर किल्ला, खाली बांधाच्या पायऱ्या, पलीकडे आंबराई आणि आल्याची शेते. राणी लक्ष्मीबाई उन्हाळ्यात या किल्ल्यात येऊन राहत, असे तेथे सांगतात. गावाजवळच जराई का मठ नावाचे प्रतिहारांच्या काळातले, नवव्या शतकाच्या सुमाराचे देऊळ आहे. त्याच्या दारावरची नक्षी पाहून सूनबाई अर्धा तास बोलल्या नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो.

रात्री गस्तीचा शिपाई आला. ही काय गाडी, कोण माणसे, येथे का झोपलात, अशी चौकशी झाली. सौ.नी त्याला चहा दिला. तो आत डोकावला, ओटा पाहिला, बाके पाहिली आणि म्हणाला, ही तर डेरेवाल्यांची गाडी! बुंदेलखंडात 'डेरा' हा शब्द अजून जिवंत आहे, आणि त्या शब्दाबरोबर डेऱ्याला थारा देण्याची रीतही. जाताना तो सांगून गेला, की पिण्याचे पाणी तळ्यातून घेऊ नका, देवळामागच्या विहिरीचे घ्या, ते गोड आहे.

जैतपूरचा काठ

दुसऱ्या दिवशी मऊरानीपूरवरून जैतपूर. झाशी-माणिकपूर लोहमार्गावर या गावाचे स्टेशन आहे ते बेलाताल नावाचे. गावापेक्षा तळ्याचेच नाव मोठे. बेलाताल हे चंदेलांच्या काळचे तळे मानतात. गाव त्याच्या काठावर, आणि काठावरच जैतपूरच्या किल्ल्याचे पडके बुरूज.

या बुरुजांपाशी मराठी माणसाने थोडे थांबावे. फर्रुखाबादच्या महंमदखान बंगशाने म्हाताऱ्या छत्रसालाला येथे कोंडीत धरले होते. छत्रसालाने बाजीरावाला साकडे घातले, आणि १७२९ च्या मार्चमध्ये पेशवा महोब्याजवळ येऊन थडकला. पुढचे युद्ध समोरासमोरच्या तलवारींपेक्षा रसदीचे होते. बाजीरावाने बंगशाची वाट तोडली. त्याच्या मुलाने मदत आणली, तीही वाटेत मोडून काढली. शेवटी बंगश जैतपूरच्या किल्ल्यात अडकला आणि आत धान्याचा दाणा मिळेना. पुन्हा बुंदेलखंडावर चालून येणार नाही, असे लिहून दिल्यावरच त्याची सुटका झाली. छत्रसालाने बाजीरावाला तिसरा मुलगा मानले आणि राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा त्याला दिला. सागर, हटा, काल्पी हा मुलूख असा आपल्याकडे आला. आज ग्वाल्हेर, झाशी, सागर, जालौन या भागात जी जुनी मराठी घराणी आहेत, त्यांतील कितीतरी घरांची कुळकथा या तळ्याच्या काठी सुरू होते.

रसद म्हणजे काय, याचा आपण फारसा विचार करत नाही. रसद म्हणजे तांडा. लमाण-वंजाऱ्यांचे बैल गोण्या लादून फौजेच्या मागे-पुढे चालत, म्हणून फौज जेवे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली आग्र्याहून पाटण्याच्या वाटेवर असा एक तांडा भेटला, त्यात धान्याने लादलेले चौदा हजार बैल होते. माणसे, बायका, पोरे, कुत्री, सारे बिऱ्हाड बरोबर. दिवसाला तीन-चार कोसांची चाल, आणि मुक्कामाला गोण्यांची भिंत रचून तिच्या आत संसार. चौदा हजार बैलांना एका सांजेला पाणी पाजायचे तर विहीर पुरत नाही. त्याला तळेच लागते.

बेलातालाच्या काठी आम्ही दुपारीच उतरलो. पाण्यावर शिंगाड्याची वेल दूरवर पसरली होती आणि फुगवलेल्या ट्यूबवर बसून माणसे फळे तोडत होती. पूर्वी दोन मडकी बांधून त्यांवर बसत, असे त्यांतल्या एका वृद्ध केवटाने सांगितले. तो काठावर आला तो थेट आमच्या गाडीपाशी, आणि विचारता झाला, "डेरा किते जैहै?" सागरला, मी म्हणालो. त्याने ओंजळभर शिंगाडे सौ.च्या पदरात टाकले. भाच्याने पैसे पुढे केले तेव्हा तो हसला. त्याच्या बुंदेलीत तो जे बोलला त्याचा आशय असा: 'तळ्याच्या वस्तूचे पैसे तळ्याला द्यावेत. माझा आजा सांगे, की डेरा उतरला, त्याने पाणी घेतले, जनावरे पाजली, तर निघताना माणशी पाच पाट्या गाळ काढून बांधावर टाकायचा. आता डेरे येत नाहीत आणि गाळ कोणी काढत नाही.'

एवढे बोलून तो पुन्हा पाण्यात गेला. आमच्यात मात्र संध्याकाळी चर्चा पेटली. भाचा म्हणाला, मामा, चार माणसांच्या वीस पाट्यांनी या समुद्राएवढ्या तळ्याचे काय होणार? हिशेब त्याचा बरोबर होता. सूनबाई म्हणाल्या, काही होणार नाही. पण शिंगाडे खाल्ले आहेत. सकाळी त्यांनीच गावातून एक घमेले आणि फावडे मागून आणले. जुन्या बांधाशी ओला गाळ साचला होता, तो आम्ही काढला. पहिल्या पाच पाट्यांना माझी कंबर बोलू लागली, तेव्हा उरलेल्या भाच्याने उचलल्या. गावातली पोरे आधी हसली, मग त्यांतली दोघे हाताला लागली. वीस पाट्यांचा गाळ बांधावर केवढासा दिसतो! परंतु गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही पाहुणे म्हणून नव्हे, तर त्या रस्त्यावरचे माणूस म्हणून निघालो, असे मला वाटले.

महोबा आणि धुबेला

महोबा म्हणजे तळ्यांचे गाव. चंदेल राजांनी टेकड्यांमधल्या खिंडी हेरून तेथे बांध घातले. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि मध्ये मातीचा भराव, अशी साधी रचना. पण आठ-नऊशे वर्षे ती पाणी धरून आहे. राहिल्यसागराच्या काठी ग्रॅनाइटचे सूर्यमंदिर आहे. कीर्तिवर्म्याचा कीरतसागर अकराव्या शतकातला, मदनवर्म्याचा मदनसागर बाराव्या शतकातला. राजाने आपले नाव किल्ल्याला न देता पाण्याला द्यावे, ही या घराण्याची मला आवडलेली चाल. ११८२ च्या सुमारास पृथ्वीराज चौहान महोब्यावर आला, आल्हा-ऊदल लढले, आणि पावसाळ्यात आल्हा गाणारे ती लढाई अजून दरवर्षी लढतात. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी कीरतसागरावर कजलीची जत्रा भरते आणि बायका टोपलीत उगवलेले कोवळे अंकुर पाण्यात सोडतात. आपल्या घटस्थापनेच्या धान्याची आठवण होऊन सौ.ना ही हकीकत फार भावली.

महोब्याचे देशावरी पान प्रसिद्धच आहे. गवताच्या छपराखाली, ज्याला ते बरेजा म्हणतात अशा सावलीत, पानाचा वेल वाढतो. ओलावा हवा पण पाणी साचता कामा नये, असा नाजूक कारभार. अशा मळ्यांना तळ्याखालची जमीन मानवते. तळे आटले की केवळ नाव अडत नाही, पानही अडते.

शेजारच्या चरखारीतही तळीच तळी, कमळांनी भरलेली. १८५८ च्या आरंभी तात्या टोप्यांनी हे गाव वेढून घेतले आणि तेथल्या तोफा हस्तगत केल्या. तेथे आम्ही फक्त जेवायला थांबलो. मग छतरपूरला येऊन थोडे पश्चिमेला धुबेला गाठले.

धुबेल्याच्या लहानशा तळ्याकाठी छत्रसालाचा महाल आहे आणि त्यात महाराजा छत्रसाल संग्रहालय. १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मऊ-सहानिया गावाच्या या परिसरात छत्रसालाची समाधी आहे, राणी कमलापतीची देखणी छत्री आहे, आणि मस्तानीचा म्हणून दाखवतात तो महाल आहे. पुण्यात मस्तानीच्या वाट्याला काय आले ते आपण जाणतो. तिचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतानंतर जखमांनी गेला आणि त्याचा वंश बांद्याचे नवाब म्हणून याच बुंदेलखंडात नांदला. संध्याकाळी तळ्यात छत्र्यांची प्रतिबिंबे पडली तेव्हा मला वाटले, की या बाईला आठवायचे तर शनिवारवाड्यापेक्षा हा काठ बरा. येथे ती कोणाची तरी मुलगी होती.

येथेच शेजारी आणखी एक बिऱ्हाडगाडी उतरली. आमच्याहून चौपट मोठी, आत न्हाणीघर, थंड हवेचे यंत्र, सारे काही. मंडळी सुशिक्षित होती, बोलायला गोड होती. सकाळी ती निघून गेली तेव्हा मागे काठावर साबणाच्या पाण्याचा पांढरा ओघळ आणि कागदी ताटल्यांचा ढीग होता. सूनबाईंनी न बोलता ताटल्या गोळा केल्या. मी त्या मंडळींना दोष देत बसत नाही. तळे हे त्यांना खिडकीतले चित्र वाटले, आणि चित्राला कोणी काही देणे लागत नाही.

सागर

छतरपूरहून बडा मलहरा, शाहगढ, बंडा असे करत सागरला पोहोचलो. भर शहरात तळे, तळ्यावर घाट, घाटावर देवळे आणि वर किल्ला. गोविंदपंत खेरांनी, म्हणजे आपल्या गोविंदपंत बुंदेल्यांनी, हे ठाणे बांधले आणि वाढवले. पानिपताच्या मोहिमेत अब्दालीची रसद तोडण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि ते करतानाच १७६० च्या डिसेंबरात ते मारले गेले. १८१८ मध्ये सागर इंग्रजांकडे गेले. हिंदीचा थोर कवी पद्माकर येथल्या मराठी सुभेदारांच्या पदरी होता आणि पुढे आपल्या दौलतरावांच्या दरबारीही आला. सर हरिसिंह गौर यांनी आपल्या मिळकतीतून १९४६ साली येथे विद्यापीठ उभे केले.

पण लोक तळ्याला नाव देतात ते सुभेदाराचे नव्हे, राजाचे नव्हे. ते म्हणतात लाखा बंजारा तळे. कथा अशी, की लाखा नावाच्या वंजाऱ्याचा तांडा येथे उतरला. मुलूख तहानलेला होता. त्याने तळे खणवले, पण पाणी लागेना. मग त्याने आपला मुलगा आणि सून यांना तळ्याच्या पोटात हिंदोळ्यावर बसवले, पाणी उसळले आणि ती दोघे त्यात गेली. अशा कथेचा पुरावा कोणी मागू नये. तिचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. जो रस्त्यावरचा, ज्याचे येथे शेत नाही, घर नाही, जो उद्या निघून जाणार, त्याने या पाण्यासाठी सर्वांत मोठे मोल दिले, असे सागरचा माणूस शतकानुशतके सांगत आला आहे. वर्धा येथे जन्मलेले अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' हे हिंदी पुस्तक १९९३ मध्ये लिहिले, आणि पाणी जसे सर्वांचे तसे पुस्तकही सर्वांचे म्हणून त्यावर हक्क राखला नाही. त्या पुस्तकात तळी बांधणाऱ्यांच्या मालिकेत हा वंजारीही आहे.

सागरात सौ.च्या मावशीच्या सासरचे एक घर आहे. घरात आता एकट्या आजी असतात, वय नव्वदीच्या आसपास. आम्ही दारात उभे राहिलो तशी त्यांनी विचारले, "कोण रे बाबा? ग्वाल्हेरची मंडळी? या, या. सूनबाई, आधी पाय धुऊन घे गं." त्यांची मराठी आपल्या लष्करातल्यासारखीच, मधूनच बुंदेलीचा हेल घेणारी. 'हो'च्या जागी 'हओ' येई. मागच्या दाराने त्यांनी आम्हांला बाहेर नेले. तेथे दगडी पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांखाली रस्ता.

"मी लग्न होऊन आले तेव्हा ही खालची पायरी पाण्यात होती," आजी म्हणाल्या. "गणपती आम्ही इथूनच पोहोचवत होतो. मग पाणी मागे गेलं. भराव पडले, घरं झाली, रस्ता आला. आमच्या बोळात सात घरं मराठी होती. कोणी पुण्याला गेलं, कोणी अमेरिकेला. आता मी आणि गणपती."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही. हवापाणी सांगावे तसे सांगितले. भाच्याने विचारले, की आता तर तळ्यातला गाळ उपसला, वरून उंच रस्ता नेला, रात्री दिवे लागतात, हे बरे झाले ना? "झालं की," आजी म्हणाल्या, "दिवे छान आहेत. पण बाबा, सरकारनं गाळ काढला म्हणजे आपला काढला असं होतं का? माझे सासरे दर अक्षय्य तृतीयेला घरातल्या पोरांना घेऊन पाटी उचलायचे. म्हणायचे, आपण इथले नव्हे, आपण आलेले. आलेल्यानं भाडं द्यावं."

जैतपूरच्या केवटाचे आणि सागरच्या आजींचे बोलणे एकच, हे चौघांच्याही ध्यानात आले. एकमेकांपासून शंभराहून अधिक मैलांवर राहणारी, जातीने, भाषेने निराळी ही दोन माणसे. पण दोघांनाही रस्त्याचा एकच कायदा ठाऊक होता.

आलेल्याचे भाडे

आपण, म्हणजे या जुन्या संस्थानी शहरांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसे, 'आलेले' आहोत. याची लाज वाटण्याचे कारण नाही आणि फुशारकीचेही नाही. आपले पूर्वज या तळ्यांचे पाणी पिऊन पुढे गेले, काही जण काठीच राहिले. त्यांनी घाट बांधले, देवळे बांधली, बांध दुरुस्त केले. कारण राहणाऱ्याने भाडे द्यायचे असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आपण मात्र वाड्याची कागदपत्रे जपतो, सनदांना कापडात गुंडाळतो, शिवजयंतीला भाषणे करतो, आणि ज्या पाण्यामुळे हे सारे शक्य झाले त्या पाण्याकडे पाठ करून बसतो. काठ सुटला की घर सुटायला वेळ लागत नाही. सागरच्या त्या बोळात दोन्ही गोष्टी एकाच हयातीत घडल्या.

बिऱ्हाडगाड्या आता वाढणार आहेत. तळ्याकाठी त्यांच्यासाठी फरसबंद जागा होतील, विजेची सोय होईल, दर ठरतील. हे सारे चांगलेच आहे. लहान गावातल्या माणसाला चार पैसे मिळतील, आणि आपल्या मुलांना महोबा, जैतपूर ही नावे परीक्षेच्या पुस्तकाबाहेर भेटतील. फक्त दर भरला म्हणजे देणे फिटले, असे होऊ नये. मोरीचे पाणी तळ्यात सोडायचे नाही, बादलीत धरून दूर झाडाला घालायचे; साबण काठावर न्यायचा नाही; कचरा गाडीतून परत आणायचा; पिण्याचे पाणी विचारून घ्यायचे आणि देणाऱ्याचे नाव विचारायचे, एवढे नियम तर कोणालाही पाळता येतील. पाचवा नियम केवटाचा.

वाचकांपैकी ज्यांना ही वाट करावीशी वाटेल त्यांनी दिवाळीनंतर निघावे आणि संक्रांतीच्या आत परतावे. सहा रात्री पुरतात. उबदार पांघरुणे घ्यावीत, पहाटे काठावर धुके दाट असते. शिंगाड्याचे पीठ येताना आणावे, उपासाला आपल्याकडच्यापेक्षा चांगले लागते. ओळखीची मराठी घरे वाटेत असतील तर पत्ता आधीच काढून ठेवावा. त्या घरांतून आता एकेकटी माणसे आहेत आणि त्यांना आपल्या येण्याचे अप्रूप फार. आणि गाडीत गॅसच्या सिलिंडराशेजारी एक घमेले व एक फावडे ठेवावे. जागा फारशी लागत नाही.